खडकीची पुंगळी

बादल्या दोन होत्या. गोळीबार थांबला की मशीनगनच्या तिवईखाली अंथरलेल्या ताडपत्रीवरून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, एकेक उचलून तिच्या तोंडातून आत टॉर्चचा उजेड टाकायचा आणि दोनपैकी एका बादलीत ती टाकायची, हे माझे काम होते. बुडाशी मधोमध एकच छिद्र दिसले, तर जुनी कॅप, म्हणजे ठोका बसल्यावर दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी, सुईने ढकलून काढता येते आणि पुंगळी पुन्हा भरता येते. ती पांढऱ्या बादलीत. एकाऐवजी दोन बारीक छिद्रे दिसली, तर ती जुन्या युरोपीय घडणीची. कॅपला टेकण देणारा उंचवटा तिच्या अंगाचाच असतो, सुई शिरायला जागा नसते, आणि घरगुती हत्यारांनी ती पुन्हा भरणे जिकिरीचे होते. ती पत्र्याच्या बादलीत, म्हणजे भंगारात. शे-दीडशे पुंगळ्या झाल्यावर हात आपोआप चालू लागला होता. अशीच एक दोन छिद्रांची पुंगळी पत्र्याच्या बादलीकडे नेताना अंगठा तिच्या बुडावरून फिरला आणि मी ती उजेडात धरली. कडेला इंग्रजी के आणि एफ ही दोन अक्षरे होती, आणि ५७ हा आकडा. के म्हणजे खडकी, एफ म्हणजे फॅक्टरी. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातले घड्याळ लावले जात असे, तिथली १९५७ सालची पुंगळी पेन्सिल्वेनियातल्या एका टेकडीच्या पायथ्याशी माझ्या हातात गरम होती. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, ‘‘दोन छिद्रांची ना? भंगारात.’’

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी मात्र ती शर्टाच्या खिशात टाकली.

हे गृहस्थ माझे शेजारी. आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले, आता ऐंशीच्या घरातले. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, आणि इतक्या वर्षांनंतरही वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ किंचित अडखळते. त्यांच्याकडे एक व्हिकर्स मशीनगन आहे. ब्रिटिश सैन्याने १९१२ साली स्वीकारलेली आणि १९६८ पर्यंत वापरलेली, पाण्याने थंड होणारी ही बंदूक म्हणजे बघणाऱ्याला आधी बंदूक न वाटता एखादा जुना पाण्याचा पंप वाटावा असे यंत्र आहे. नळीभोवती पाण्याचे जाड नळकांडे, त्यात सुमारे चार लिटर पाणी, वाफ बाहेर नेणारी रबरी नळी आणि ती वाफ पुन्हा पाणी होऊन जमावी म्हणून खाली ठेवलेला पत्र्याचा डबा. नुसती बंदूकच पंधरा किलोच्या आसपास, तिवई त्याहून जड. मी मेकॅनिकल इंजिनीअर. शेजाऱ्यांची नजर आता अधू झाली आहे आणि बोटे थरथरतात, म्हणून गेली काही वर्षे शनिवारी सकाळी मी त्यांच्या तळघरात जातो आणि ते सांगतील तसे काम करतो. बंदुकांचे मला आकर्षण नव्हते, आजही फारसे नाही, असे मी बायकोला सांगत असतो. ती ऐकून घेते.

भारतातल्या मित्रांना हे सांगितले की पहिला प्रश्न येतो, ‘‘मशीनगन? घरात? आणि कायदेशीर?’’ आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने स्वयंचलित शस्त्र खासगी माणसाच्या हाती जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. इकडचे उत्तर मात्र लोक समजतात तितके सैल नाही. १९३४ साली अमेरिकेने मशीनगनवर बंदी न घालता कर बसवला: प्रत्येक हस्तांतराला २०० डॉलर. त्या काळी नवी टॉमी गन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन, साधारण तेवढ्यालाच मिळत असे, म्हणजे वस्तूइतकाच कर. तो आकडा महागाईने खाऊन टाकला, पण मशीनगनपुरता तो आजही २०० च आहे. खरी गाठ बसली ती १९८६ साली. त्या वर्षीच्या १९ मे रोजी कायदा झाला आणि त्या दिवसापर्यंत ज्यांची नोंद झाली होती तेवढ्याच मशीनगन सामान्य नागरिकाला घेता-विकता येतील, नव्या नोंदी बंद, असे ठरले. साऱ्या देशात अशा सुमारे पावणेदोन लाख. त्यांत भर पडणे नाही; गंजून, जळून, तुटून त्या कमीच होणार. म्हणून एकेकीची किंमत मोटारीशी स्पर्धा करते, आणि घेणाऱ्याला बोटांचे ठसे, फोटो आणि अर्ज देऊन मंजुरीची वाट पाहावी लागते. शिवाय हे सगळे राज्याचा कायदा अनुकूल असेल तर. शेजारच्या न्यू जर्सीत आमच्या शेजाऱ्यांचा हाच छंद गुन्हा ठरेल. राज्याची सीमा ओलांडून एखाद्या मेळाव्याला न्यायची म्हटली, तरी आधी लेखी परवानगी लागते.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती थेट आपल्या तलाठी कार्यालयातून उचलल्यासारखी आहे. बंदूक म्हणजे नेमके काय, हे ठरवल्याशिवाय नोंद कशाची करणार? नळी झिजते, स्प्रिंगा बदलतात, लाकडी मुठी तडकतात. व्हिकर्सच्या बाबतीत उत्तर असे आहे की तिच्या पेटीसारख्या अंगाची उजव्या बाजूची जी पोलादी प्लेट आहे, ती म्हणजे बंदूक. क्रमांक तिच्यावर, नोंद तिची. बाकी सगळे सुटे भाग, ते कुणीही टपालाने मागवावेत. १९८६ पूर्वी काही कारागिरांनी नुसत्या नव्या प्लेट बनवून त्यांची रीतसर नोंद केली आणि लष्कराने मोडीत काढलेल्या बंदुकांचे भाग त्यांच्याभोवती जोडले. आमच्या शेजाऱ्यांची बंदूक त्यातलीच. म्हणजे नळकांडे पहिल्या महायुद्धाच्या वेळचे, तिवई दुसऱ्या महायुद्धातली, आणि जिला सरकार बंदूक म्हणते ती प्लेट १९८० च्या दशकातली, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये कापलेली. घर पडून गेले तरी सातबारा उभा असतो, तसे हे.

त्यामुळे आमच्या शनिवारांना एक विचित्र शिस्त आहे. सुटा भाग मी खिशात घालून घरी आणू शकतो, माझ्या लेथवर लावू शकतो, रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून ठेवू शकतो. ती प्लेट मात्र शेजाऱ्यांच्या नजरेआड माझ्या हाती एक क्षणही राहता कामा नये. ते चहा करायला वर गेले, तर मी हात पुसत त्यांच्या मागून जिना चढतो. प्रथम मला हा अतिरेक वाटला. मग त्यांनी एक हकिकत सांगितली. त्यांच्या ओळखीतल्या एका घरी म्हातारा वारला आणि माळ्यावरच्या ट्रंकेत, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, युद्धावरून परतताना आणलेली एक जर्मन मशीनगन निघाली. १९६८ साली सरकारने तीस दिवसांची मुदत दिली होती. घरात असेल ते आणा, नोंदवा, कुणी जाब विचारणार नाही. म्हातारा त्या तीस दिवसांत गेला नव्हता. विसरला, घाबरला की त्याला कळलेच नाही, हे आता कोण सांगणार? नोंद असती, तर तीच बंदूक वारसाला विनाकर मिळाली असती. नोंद नव्हती, म्हणून ती बाळगणे हा गुन्हा आणि नंतर नोंदवण्याची वाट बंद. विधवेने वकिलामार्फत ती पोलिसांच्या स्वाधीन केली. ‘‘त्यांनी अंगाचे तुकडे केले,’’ शेजारी म्हणाले, आणि असे म्हणाले की जणू त्या घरी दुसऱ्यांदा मयत झाली.

दुरुस्तीबद्दल मात्र मला खूप बोलावेसे वाटते, कारण त्या तळघरात माझे मन रमते ते याच एका गोष्टीत. नळी पाण्याच्या नळकांड्यातून आरपार जाते आणि प्रत्येक गोळीला मागेपुढे सरकते. म्हणजे दोन्ही टोकांना सरकत्या नळीभोवती पाणी अडवायचे. पुण्यात ज्याने पंपावर काम केले आहे त्याला हे सांगावे लागणार नाही: ग्लँड पॅकिंग. पूर्वी तिथे अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी असे, आता आम्ही ग्रॅफाइट लावलेली सुती दोरी गुंडाळतो. सैल गुंडाळली तर पाणी ठिबकते, घट्ट गुंडाळली तर नळी अडते आणि बंदूक दोन गोळ्यांनंतर थांबते. नेमका ताण बोटांनाच कळतो. डाव्या अंगाला एका लांबट डबीत मुख्य स्प्रिंग असते. तिचा ताण मोजायला उजवीकडच्या हँडलला ताणकाटा अडकवून वर ओढायचा, आणि हँडल हलू लागते त्या क्षणी काटा ७ ते ९ पौंडांच्या मध्ये असला पाहिजे. कमी असेल तर एक वळसा आवळा. आईच्या भाजीवाल्याकडचा ताणकाटा आणि हा, यांत यंत्र म्हणून काहीच फरक नाही. आतली खीळ बंद होताना किती घट्ट बसावी, हे काही हजारांश इंच जाडीच्या वॉशर टाकून ठरवायचे. मी ते करतो तेव्हा शेजारी डोळे मिटून बसतात आणि हँडलच्या आवाजावरून ‘अजून एक’ किंवा ‘बास’ म्हणतात. आणि या हँडलची सगळ्यांत सुंदर गोष्ट ही की बंदूक अडली, तर ते ज्या कोनात थांबते त्यावरून काय बिघडले ते कळते. चार कोन, चार प्रकारची दुखणी. अंधारात, चिखलात, वरचे झाकण न उघडता, नुसत्या हाताने चाचपून निदान करता यावे म्हणून कुणीतरी हे योजले. वैद्याने नाडी धरावी तशी माणसे हे हँडल धरत असणार.

या कौतुकाच्या भरात, ती माणसे अंधारात आणि चिखलात काय करत होती हे तासन्‌तास माझ्या मनात येत नाही, हे मी कबूल करतो.

त्या दिवशी चालवायला माझाही नंबर आला. दोन मुठी धरून बोटांनी अडसर उचलायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी मधला खटका दाबायचा. बंदूक खांद्याला टेकत नाही, धक्का तिवईच गिळते. हातांना जाणवतो तो फक्त शिवणयंत्राचा कंप, जाड कापडावर चालणाऱ्या. मिनिटाला साडेचारशे ते पाचशे, म्हणजे आवाज एकसंध होत नाही, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. कापडी पट्टा उजवीकडून आत चढतो, डावीकडे रिकामा उतरतो, पुंगळ्या खाली ताडपत्रीवर पडतात. नेम हलवायचा तर मुठीवर तळहाताने थाप द्यायची. जुन्या कवायतीत ही थापही मोजून शिकवत. ओलसर कापड, तापलेले तेल आणि जळलेल्या दारूचा तो काहीसा गोडसर वास. दोन-तीन पट्टे होता होता नळकांड्यातले पाणी उकळू लागले, रबरी नळीतून वाफ डब्यात गेली आणि आतून बुडबुडल्याचा आवाज आला. शेवटच्या पट्ट्यासाठी शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षे साठलेल्या डब्यांमधली उरलीसुरली काडतुसे एकत्र केली होती, कुठकुठल्या देशांची. खडकीचे त्यातच कुठेतरी होते, आणि ते माझ्याच अंगठ्यांनी उडवले. मला मजा आली. हे मला टाळून लिहिता आले असते. पण मजा आली, आणि समोर फक्त मातीचा बांध व रंगवलेले पत्र्याचे डबे होते.

बाबा १९५६ साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले, पुंगळ्यांच्या विभागात. आम्ही रेंज हिल्सच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा एकाच दिशेने जायचा आणि संध्याकाळी परतायचा. १८६९ सालापासूनचा तो कारखाना. आमच्या वसाहतीत बापानंतर मुलगा आणि मग नातू अशी घरे होती. घरी बाबा कामाचे काही बोलत नसत, कारण तशी सक्त ताकीद होती. तरी पितळ लपत नाही. त्यांच्या बोटांना, डब्याच्या कडीला, भिजलेल्या गंजिफ्रॉकलासुद्धा तो आंबट वास यायचा आणि नखांच्या कडा हिरवट असायच्या. निवृत्त झाल्यावर एकदा त्यांनी मला जेवणाच्या ताटावर ती रीत दाखवली होती. पितळेच्या पट्टीतून आधी चकती कापायची, तिची वाटी करायची, मग वाटी साच्यातून ओढत ओढत लांब करायची. दर ओढीला पितळ ताठ होते, म्हणून मध्ये भट्टीत घालून मऊ करायचे, आम्लात धुवायचे आणि पुन्हा ओढायचे. मग बूड दाबताना अक्षरे उमटतात. ‘‘वाटीची भिंत एका अंगाला जरी जाड राहिली ना,’’ आमटीची वाटी बोटांत फिरवत ते म्हणाले होते, ‘‘तर पुढे कितीही ओढ, ती तिरकीच जाणार.’’ आईने ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली, कारण आमटी सांडत होती.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आम्हा मुलांना कामगारांच्या घरची माणसे म्हणून आत नेत. प्रेसच्या लोखंडी मानेवर झेंडूच्या माळा, हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ, पेढे. ओळीने उभी ती यंत्रे त्या दिवशी गप्प असायची आणि मला ती गोठ्यातल्या बैलांसारखी दिसायची. १९७१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. त्या महिन्यात बाबा ओव्हरटाइममुळे घरी नुसते झोपायला येत. त्या पैशांतून घरात पहिला ट्रान्झिस्टर आला. मी त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली, आईने नाट्यसंगीत ऐकले, आणि तो कशातून आला हा प्रश्न आमच्या चौघांपैकी कुणालाही पडला नाही. पडायला हवा होता, असे मी म्हणत नाही.

प्रश्न मला पडला तो फार उशिरा आणि भलत्याच ठिकाणी, मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि तुकडीचा कमांडर, म्हणजे तो स्वतः, सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. यशवंतराव एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी बंदूक आणि ती चालवणारा यांना निकामी केले, एकाला टॉमी गनने मारले, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने ठेचले. मग लांबून झाडलेल्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. ही हकिकत मी शाळेपासून ऐकली होती, पण तळघरातले काम शिकल्यानंतर माणगावला थांबलो तेव्हा एकच शब्द डोक्यात अडकला: नळीकडून. नुकतीच रिकामी केलेली नळी किती तापलेली असते, हे मला आता ठाऊक आहे. मागच्या शिशिरात, मातीच्या बांधापुढे, थंडीच्या दिवशी, मी ती हातमोजा घालून धरली होती.

शेजाऱ्यांच्या ओळखीत एकाकडे टॉमी गन आहे, रीतसर नोंदवलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मेणाने चमकवलेला. ती मला एकदा हातात दिली गेली. सगळे तिच्या नळीवरच्या बारीक कापांचे कौतुक करत होते आणि मला ती उलटी धरून पाहावीशी वाटत होती; तसे करणे असभ्य झाले असते, म्हणून मी ती सरळ धरली आणि छान आहे म्हणालो. संग्राहकांविरुद्ध माझी तक्रार नाही. मी पाहिलेली ही माणसे कवायतीच्या पुस्तकातले पान अन्‌ पान पाठ असलेली, कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या बँकेतल्या जुन्या हेडक्लार्कइतकी काटेकोर, आणि चालू बंदुकीपेक्षा अडलेल्या बंदुकीने जास्त खूश होणारी. मात्र त्यांच्या बोलण्यात बंदुकीचे एकच टोक असते, ज्या बाजूला हँडल आहे ते. दुसऱ्या टोकाबद्दल तिथे कुणी बोलत नाही. आणि खरे सांगायचे तर रेंज हिल्समध्येही कुणी बोलत नसे.

गोळीबाराच्या दिवशी घरी परतल्यावर अर्धे काम उरलेले असते. जुन्या काडतुसांच्या कॅपमधले रसायन जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार सोडते. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो, आणि रात्रभर राहिला तर सकाळी नळीत गंजाचा तांबूस थर दिसतो. म्हणून आधी उकळते पाणी, मग तेल. शेजाऱ्यांनी किटली ओतली, मी नळी तिरपी धरली, खालून काळे पाणी आले, मग करडे, मग स्वच्छ. खिशातली पुंगळी मी त्याच पाण्यात धुतली. ते पाहत होते. मी त्यांना अक्षरे दाखवली आणि बाबांचे सांगितले. त्यांनी चष्मा वर करून ती डोळ्यांशी नेली, नखाने तोंडाची कड तपासली आणि म्हणाले, ‘‘भिंत सगळीकडे सारखी आहे. चांगला माणूस होता.’’ मग पत्र्याची बादली माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘‘यात अजून असतील.’’ अजून चार निघाल्या. त्या मी तिथेच राहू दिल्या. का, ते मला सांगता येणार नाही.

ही एक बाबांच्या जागी देवघराजवळ ठेवावी की टूलबॉक्समध्ये, हे ठरत नाही म्हणून ती सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. डिसेंबरात पुण्याला जाणार आहे, पण ती नेता येणार नाही. विमानतळावरच्या तपासणीत बॅगेत पुंगळी निघाली, तर ती खडकीतच जन्मली आहे हे मी कोणाला पटवणार? म्हणून मी तिचे तीन फोटो काढून बाबांचे एक सहकारी, ज्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो, त्यांना पाठवले. नव्वदीला टेकलेले, पण फोन हातातून सुटत नाही. फोटोखाली मी बरेच काही लिहिले होते: अमेरिका, व्हिकर्स, ५७ साल, योगायोग. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. आवाज क्षीण होता, मागे टीव्ही चालू होता.

‘‘अरे, हिच्या तोंडाला भेग नाही ना गेलेली?’’

‘‘नाही काका.’’

‘‘आणि कॅप? पहिल्याच ठोक्याला उडाली?’’

मी म्हणालो, ‘‘हो, पहिल्याच.’’

‘‘बघ,’’ काका म्हणाले, आणि मग तिकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला.